सानप मॅडमची चाळणी

वैशाखात बीडच्या रस्त्यावर कुणी स्वेटर घालून चाललेलं दिसलं तर लोक त्याला धरून दवाखान्यात नेतील. आमच्या सानप मॅडमची सोय अशी की त्या दवाखान्यातच असायच्या. राखाडी रंगाचा घरी विणलेला स्वेटर, कानांवरून घट्ट बांधलेला स्कार्फ, पायात मोजे आणि या सगळ्याच्या आत नीटनेटकी सुती साडी. त्यांच्या खोलीतला एसी मशीनसाठी होता, माणसांसाठी नव्हता, आणि तो कमी करायची परवानगी त्या स्वतःलाही देत नसत. दुपारी जेवायला बाहेर यायच्या तेव्हा आम्ही पंख्याखाली बसून मानेचा घाम पुसत असायचो, आणि ह्या डबा उघडत म्हणायच्या, "आज लई गारठा हाय."

दवाखाना एका ट्रस्टचा. मी तिथे लॅबचा इन्चार्ज. मॅडम संगणक विभागाच्या प्रमुख होत्या आणि त्या विभागात दुसरं कुणीच नव्हतं. तरी त्या नेहमी "आमच्या डिपार्टमेंटचं असं मत हाय" असंच बोलायच्या. डिपार्टमेंटमध्ये मतभेद झालेले मी कधी पाहिले नाहीत.

त्यांची खोली म्हणजे एक प्रकरण होतं. रुग्णांची सगळी माहिती ज्या कॉम्प्युटरमध्ये होती तो बाहेरच्या जगाशी कुठेच जोडलेला नव्हता. इंटरनेट नाही, वाय-फाय नाही. माझ्या लॅबमधल्या तपासणी यंत्रांच्या तारा भिंतीतल्या भोकातून आत जायच्या, तेवढाच त्याचा बाहेरच्यांशी संबंध. पेन ड्राइव्ह घालायच्या खाचा मॅडमनी लाख वितळवून बुजवल्या होत्या. लाखेची कांडी त्यांच्या मास्तर नवऱ्याच्या निवडणूक ड्युटीतून उरलेली होती. दाराबाहेर एक टोपली टांगलेली असायची. आत जाणाऱ्यानं चप्पल बाहेर काढायची आणि मोबाइल टोपलीत ठेवायचा, मग तो कुणीही असो.

ज्या कंपनीनं ही सिस्टिम बसवली होती तिचा पुण्याचा आदित्य नावाचा इंजिनिअर पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं बूट काढले, मोबाइल टोपलीत ठेवला आणि उंबऱ्याशी नकळत हात जोडले. आपण काय केलं हे लक्षात येऊन तो ओशाळला. मॅडम म्हणाल्या, "आत देव न्हाई बाबा, पण बाया हायत. त्यामुळं तू केलं ते बराबरच हाय."

हे मात्र खरं होतं. आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांत निम्म्याहून जास्त बायकाच, आणि त्यातल्या पुष्कळ ऊसतोडीला जाणाऱ्या. शिरूर कासार, वडवणी, पाटोद्याच्या बाजूच्या. दसरा झाला की गावंच्या गावं ट्रकमध्ये बसून निघून जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे एक 'कोयता' म्हणतात, आणि मुकादम आपल्या टोळीत माणसं घेतो ती कोयता मोजून. बाई आजारी आहे असं मुकादमाच्या कानावर गेलं तर अख्खा कोयताच बाद होतो. म्हणून बायका दुखणं लपवतात. मॅडम स्वतः शिरूरच्या. त्या म्हणायच्या, "आमच्याकडं स्टँडावर कुणी खोकलं तरी घरी पोचायच्या आत त्याला टीबी झालेला असतो."

आमच्या ट्रस्टवर एक पुढारी होते, त्यांना सगळे आबा म्हणायचे. माणूस दिलदार, पण फ्लेक्सची भारी हौस. एकदा ते माझ्या खुर्चीत बसून म्हणाले, "मॅडम, आपल्या दवाखान्याचं कॉम्प्युटर माझ्या मोबाइलवर दिसाया पायजेल. कुठल्या गावच्या किती बाया आल्या, मला घरबसल्या कळलं पायजेल."

मॅडम म्हणाल्या, "आबा, तुमच्या देवघरातला देव दिसतो का तुमच्या मोबाइलवर?"

"दिसतो की. नातवानं कॅमेरा लावलाय," आबा म्हणाले, आणि खिशातून मोबाइल काढून त्यांनी देव दाखवलाही. समई चालू होती. मॅडमनी स्क्रीनला नमस्कार केला, "लई छान," म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. वादात त्या साफ हरल्या होत्या, पण जोडणी काही आबांना शेवटपर्यंत मिळाली नाही. दर वेळी वायरच मिळत नसायची.

आता त्या चाळणीकडे यायचं तर आधी लॉग म्हणजे काय ते सांगायला हवं. मलाही ते मॅडमनीच सांगितलं. कॉम्प्युटर काम करताना आपण काय काय केलं ते एका बाजूला उतरवून ठेवत असतो, तो लॉग. एरवी तो थोडक्यात लिहितो. बिघाड शोधायचा असला की त्याला सांगायचं, आता काही गाळू नकोस, बारीकसारीक सगळं लिही. त्याला डीबग म्हणतात.

"म्हंजे मशीन बडबडायला लागतं," मॅडम म्हणाल्या. "तुमच्यावानी. आन बडबडताना कुणाचं नाव, कुणाचा रोग, कुणाचा पासवर्ड, कशाचंच भान ऱ्हात न्हाई त्याला."

हा लॉग कंपनीला पाठवावा लागतो, नाहीतर पुण्यात बसलेल्या माणसाला बिघाड कळणार कसा. बाकीच्या ठिकाणी लोक आहे तसा उचलून पाठवून देतात. मॅडमना ते मंजूर नव्हतं. त्यांनी स्वतः एक प्रोग्राम लिहिला होता. लॉग त्यातून गेला की नावं, फोन, पत्ते यांच्या जागी फुल्या पडायच्या. त्याचं नाव चाळणी. डीबग चालू केलं की दारावर पाटी लागायची, तिच्यावर खडूनं लिहिलेलं असायचं: आज मशीन बोलतंय. काम संपलं की डीबग बंद, लॉग पुसून टाकलेला आणि पाटीही कोरी. आणि चाळायच्या आधीचा कच्चा लॉग मॅडम स्वतःही वाचत नसत. मी विचारलं, "कावून? तुमच्याच खोलीतला तर हाय." तर म्हणाल्या, "मी तरी कोण लागून गेले?"

चाळणीतून निघालेला लॉग मात्र त्या मोठ्यानं वाचायच्या. हे आमच्या दवाखान्याखेरीज दुसरीकडे कुठे होत असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या गावी श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागायची. एक जण ओवी वाचायचा आणि दुसरा अर्थ सांगायचा. मॅडमचे वडील वाचणारे. तीच रीत त्यांनी इथे आणली होती. वाचायला स्वतः आणि ऐकायला आमच्या रुक्मिणमावशी. मावशी वडवणीच्या. तपासणीला आलेल्या बाईचा हात धरून तिला आत नेण्याचं काम त्यांच्याकडे, त्यामुळे सगळ्या बायका त्यांच्या ओळखीच्या आणि तोंड कुलपासारखं बंद. मॅडम वाचायच्या, "नाव फुली, वय एकतीस, गाव अमुक, तपासणी अमुक." मावशी ऐकत ऐकत वाती वळत असायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "ही कळली मला." की झालं. मावशीला कळली म्हणजे मुकादमालाही कळेल, या हिशेबानं मॅडम चाळणी आणखी बारीक करायच्या. असं करत गाव गेलं, वय गेलं, तारीख गेली. शेवटी मावशी नुसत्या वाती वळत बसायच्या, तेव्हा लॉगची सीडी बनून बाहेर पडायची आणि ऑफिसातल्या इंटरनेटच्या कॉम्प्युटरवरून पुण्याला जायची. एकदा बाहेर गेलेली सीडी पुन्हा आत येत नसे.

मी या पोथीची पुष्कळ टिंगल केली आहे. "मॅडम, समाप्तीला प्रसाद काय?" असं मी दर वेळी विचारायचो, आणि त्या दर वेळी न हसता गूळशेंगदाणे हातावर ठेवायच्या.

पण त्या एका दसऱ्यानंतरच्या शिबिरात माझी टिंगल बंद झाली. टोळ्या निघण्याआधी बायकांची रक्ततपासणी करायची म्हणून आम्ही शिबिर घेतलं. शिरूरकडच्या बायका जीप भरभरून आल्या. मॅडमच्या नियमाप्रमाणे रक्ताच्या नळीवर नाव नाही, नुसता नंबर. तो नंबर कुणाचा हे फक्त त्या आतल्या कॉम्प्युटरला माहीत; रिपोर्ट छापला जाईपर्यंत नंबर आणि नाव एकत्र कुणालाच, मॅडमनाही, दिसत नसे. यंत्रातून निकाल आत जायचे, तिथे नंबराला नाव जुळायचं आणि रिपोर्ट छापून यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी काही रिपोर्ट छापून आले आणि मग मशीन गप्प बसलं. बंद करून चालू केलं तरी गप्प. आणि अडकलेल्या नळ्यांमध्ये एक नळी अशी होती की तिचा आकडा माझ्या यंत्राच्या पडद्यावर बघून मी घाबरलो. हिमोग्लोबिन चार. ती बाई चालत आली कशी हेच आश्चर्य होतं. तिला ताबडतोब रक्त चढवायला हवं होतं, आणि ती कोण हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आणि पुढच्याच पहाटे टोळ्यांचे ट्रक निघणार होते.

आमचे मोठे डॉक्टर एरवी शांत माणूस, पण त्या दिवशी ते खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. "मॅडम, तुमच्या या लपवालपवीत एखादी बाई जाईल. नळीवर नाव असतं तर हा प्रसंग आला नसता. तो लॉग आहे तसा पुण्याला पाठवा आणि मोकळ्या व्हा."

मॅडमचा चेहरा उतरला होता. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, आधी जीव, हे मला बी कळतं. मला चार वाजंपर्यंत द्या. तवर न्हाई झालं तर मी सोता कच्चा लॉग पुण्याला पाठवते, आन त्याच्यासंगं माझा राजीनामा तुमाला देते."

"फोन करून सगळ्यांनाच परत बोलावलं तर?" मी विचारलं.

"फोन करताल कुणाला?" मावशी म्हणाल्या. "बायांपाशी कुठं फोन असतो. नवऱ्यापाशी असला तर असला."

मग पाटी लागली, डीबग चालू झालं आणि पोथी बसली. त्या दिवशी मीही खालीच मांडी घालून बसलो. चाळलेला लॉग पुण्याला गेला. तासाभरानं आदित्यचा फोन आला. मॅडमनी बाहेर येऊन टोपलीतला मोबाइल उचलला आणि स्पीकर लावला.

"मॅडम, मशीन म्हणतंय की हा रुग्ण आधीच नोंदलेला आहे, म्हणून अडवतंय. पण कशावरून म्हणतंय ते मला दिसत नाही, कारण तुम्ही सगळीकडे फुल्या मारल्यात. या फुल्यांमागे वेगवेगळी माणसं आहेत की एकच, तेही कळत नाही. मला मूळ लॉग लागेल."

मॅडमनी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. घड्याळात दोन वाजून गेले होते. त्यांची चाळणी इतकी बारीक झाली होती की कोंड्याबरोबर दाणाही खाली पडेना. आयुष्यभर जे जपलं तेच आड आलं होतं, आणि ते त्यांना पुरतं कळलेलं मला दिसत होतं. मला त्यांची फार दया आली.

मग त्या उघड्या दारातून मावशीच्या मांडीवरच्या वातींकडे बघत म्हणाल्या, "नाव सांगायचं न्हाई, पर दोन ठिकाणी एकच माणूस हाय, एवढं तर सांगता येईल की. त्याला दुसरं नाव ठेवायचं." आणि आत पळाल्या. पन्नाशीची बाई मोज्यांवर पळताना मी पहिल्यांदा पाहिली.

त्यांनी काय केलं ते मला नंतर समजलं. फुली मारायच्या ऐवजी चाळणी आता प्रत्येक वेगळ्या गोष्टीला वेगळं टोपणनाव देऊ लागली. बायकांना फुलांची नावं, फोन नंबरांना धान्यांची. तीच बाई पुन्हा आली तर तेच फूल, तोच नंबर पुन्हा आला तर तेच धान्य. कोणतं नाव कुणाचं हे फक्त त्या खोलीतल्या मशीनला ठाऊक.

पुन्हा वाचन सुरू झालं. "मोगरा, फोन ज्वारी. झाली नोंद. शेवंती, फोन ज्वारी. अडवली. अबोली, फोन ज्वारी. अडवली. झेंडू, फोन तूर. झाली नोंद. जास्वंद, फोन ज्वारी. अडवली."

मावशीचा हात थांबला. "समद्या रानात ज्वारीच पेरली का काय, बाई?"

मॅडम वाचायच्या थांबल्या. त्यांनी मावशीकडे पाहिलं, मावशीनं त्यांच्याकडे. आणि दोघी एकदम म्हणाल्या, "मुकादम."

नोंदणीच्या टेबलावर फोन नंबर विचारला तेव्हा त्या टोळीतल्या सगळ्या बायकांनी मुकादमाचा नंबर दिला होता. गावाकडे ही रीतच आहे. रेशनपासून बँकेपर्यंत कुठेही नंबर मागितला की मुकादमाचाच सांगतात, कारण तोच एक नेहमी लागतो. पुण्यात ज्यांनी मशीन घडवलं त्यांच्या हिशेबानं एक फोन म्हणजे एक माणूस. त्यामुळे पहिली बाई नोंदली गेली आणि बाकी सगळ्या म्हणजे तीच बाई पुन्हा आली, असं समजून मशीननं त्यांचे रिपोर्ट दाबून ठेवले होते. आम्ही फोन फिरवले असते तर कुणाच्या कानात बोललो असतो, हे माझ्या आत्ता ध्यानात आलं.

आदित्यला फोनवर सांगितलं तर तो आधी हसला, मग म्हणाला, "सॉरी मॅडम, हे आम्हाला सुचलंच नसतं," आणि सेटिंगमधली कोणती खूण काढायची ते त्यानं सांगितलं. चारच्या आत प्रिंटर कुरकुरला आणि रिपोर्ट यायला लागले. हिमोग्लोबिन चारवालीचं नाव कागदावर उमटलं. मॅडमनी दारापाशी उभं राहून तो कागद एकदा वाचला आणि घडी घालून मावशीच्या हातात दिला. त्या बाईचं नाव मी इथे लिहिणार नाही. गावही नाही. हा मजकूर मॅडमच्या वाचनात आला तर चाळणीत घालतील याची भीती आहेच, पण तसं नसतं तरी लिहिलं नसतं.

कागद पोचवायचा कसा हाही प्रश्न होता. दवाखान्याची जीप दारात उभी राहिली असती तर साऱ्या गावाला कळलं असतं. मॅडमनी आपली डब्याची पिशवी रिकामी केली, तिच्यात कागद ठेवला आणि मावशीला म्हणाल्या, "शिबिरात तिची पिशवी राह्यली व्हती, ती द्यायला आलात तुमी." जीप आम्ही गावाबाहेर उभी केली. मावशी पिशवी घेऊन गेल्या आणि दिवस मावळायच्या आत परत आल्या. बाई दुसऱ्या दिवशी "माहेरी आजी लई सिरीयस हाय" म्हणून नवऱ्याला घेऊन निघाली ती थेट आमच्याकडे. रक्त चढलं, उपचार झाले, आणि पंधरवड्यानं दोघं कारखान्यावर जाऊन टोळीला मिळाली. मुकादम उशीर झाला म्हणून कुरकुरला म्हणे, पण कोयता राहिला.

मोठे डॉक्टर दुसऱ्या दिवशी मॅडमच्या दाराशी आले, मोबाइल टोपलीत ठेवला, चप्पल काढली आणि आत जाऊन बसले. काय बोलले ते मला माहीत नाही. बाहेर आले तेव्हा हातावर गूळशेंगदाणे होते.

पुढल्या वर्षी मॅडमना लातूरच्या एका मोठ्या दवाखान्यानं बोलावलं. तिथे डिपार्टमेंटमध्ये खरीच माणसं होती. निरोप म्हणून श्रावणात आम्ही सगळे कपिलधारला गेलो. धबधबा चांगला पडत होता. दर्शन झालं आणि पायऱ्यांच्या बाजूला आम्ही धपाट्यांची शिदोरी सोडून बसलो. स्वेटरशिवाय मॅडम मला जरा अनोळखीच वाटत होत्या.

तेवढ्यात समोरून दर्शन करून बायकांचा एक घोळका आला. पुढे पांढरी टोपी घातलेला त्यांचा मुकादम, शेजारी पूजेचं ताट घेतलेली त्याची बायको, मागे टोळीतल्या बाया आणि त्यांच्यात ती, हिमोग्लोबिन चारवाली. गाल भरले होते, डोळ्यात तेज होतं. तिनं मला ओळखलं आणि जागीच थबकली. मला इतका आनंद झाला की मी धपाटं हातात तसंच धरून उठलो. "कशी हाय आता" इतके शब्द तोंडातून बाहेरही पडले.

"सर, हे धरा आधी," म्हणत मॅडमनी चटणीची वाटी माझ्या हातात कोंबली आणि तिच्याकडे वळल्या. "सर इचारतेत, आता कशी हाय वाट वरली? निसरडी हाय का? कुठल्या गावच्या तुमी, ताई?"

तिनं एकदा मॅडमकडे पाहिलं. मग तिनं गावाचं नाव सांगितलं. त्या दुपारच्या कागदावर मॅडमनी ते वाचलेलं होतं.

"असं व्हय," मॅडम म्हणाल्या. "पाऊस कसा हाय तिकडं?"

"बरा हाय. कापूस चांगला हाय यंदा."

"आन घरी समदे खुशाल?"

"समदे खुशाल हायत," ती म्हणाली. "मी बी."

मुकादमानं मला विचारलं, "वळखीच्या हायत का तुमच्या?" मी "न्हाई" म्हणालो.

जाताना तिनं आपल्या ताटातला प्रसाद आम्हाला वाटला. सगळ्यांना खोबऱ्याचा एकेक तुकडा दिला. मॅडमच्या हातावर मात्र तिनं नारळाची अख्खी वाटी ठेवली. मुकादमाची बायको म्हणाली, "अगं, समदंच देऊन टाकलंस की." ती म्हणाली, "असू द्या. पाव्हण्या हायत."

एरवी डब्यातली शेवटची फोडसुद्धा वाटून खाणाऱ्या आमच्या मॅडम. परतीच्या गाडीत मी म्हटलं, "मॅडम, खोबरं काढा की, पोहचंपर्यंत भूक लागल." त्यांनी वाटी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली, पर्स मांडीवर घट्ट धरली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ही माझी हाय."